अंजिराचे रोप बियांचे की छाटाचे?

अंजिराचे फळ फोडले असता आत बारीक पिवळसर दाण्यांचा थर दिसतो. एका फळात इतके दाणे असताना रोपवाटिकेपर्यंत खेटे कशाला घालावयाचे, तेच परसात पेरून रोपे का करू नयेत, असे शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने याचे उत्तर नुसत्या मनाईने देऊ नये. कारण समजावून सांगावे.

उंबराचे फूल कोणी पाहिले नाही, असे आपण म्हणतो. ते नसते असे नव्हे. ते फळाच्या पोटातच असते. उंबराचा भाऊबंद असलेल्या अंजिराचेही तसेच. ज्यास आपण फळ म्हणतो ती वस्तुतः मांसल पिशवी असून तिच्या आतल्या बाजूस शेकडो फुले असतात. तेथे पराग पोचविण्याचे काम एक चिमुकली गांधीलमाशी करते. उंबरात आढळणारी केंबरे तीच, असा समज होऊ शकेल. परंतु उंबराची माशी निराळी, अंजिराची निराळी, आणि एकीचे काम दुसरी करीत नाही.

आपल्याकडे लागवडीत असलेल्या पुणेरी अंजिराचे फळ परागावाचूनच पोसते व पिकते. म्हणून त्यातील दाणे बहुधा पोकळ असतात. ते पेरणे म्हणजे फोलपट पेरणे होय. बाजारातील सुके अंजीर परागीभवन झालेल्या फळाचे असेल, तर त्याचे बी मात्र उगवू शकते, आणि फसगत येथेच होते. अशा बियांतून साधारण निम्मी झाडे नर निघतात. त्यांची फळे खाण्याजोगी नसतात. उरलेल्या माद्यांपैकी बहुतेकींची फळे माशी नसल्यास बोराएवढी होऊन गळतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात याचा अनुभव आला. तेथे 1880 नंतर तुर्कस्तानातील स्मर्ना जातीची उत्तम झाडे नेऊन लावली गेली. झाडे जोमाने वाढली. पण फळे वर्षानुवर्षे गळत राहिली. नरअंजीर व त्याची माशी 1899 साली तेथे स्थिरावली, तेव्हा कोठे पीक हाती आले. धाराशिवच्या लहान शेतकऱ्याने चार-पाच उन्हाळे विहिरीचे पाणी घालून शेवटी गळलेली फळे वेचावी, हे त्यास परवडणारे नाही.

हौसेखातर अथवा शाळेच्या बागेत मुलांस दाखविण्यासाठी बी पेरण्यास हरकत नाही. दाणे पाण्यात चोळून धुवावेत, तरंगणारे फेकून द्यावेत, आणि तळाशी बसलेले दाणे कुंडीतील बारीक मातीवर पसरून वर नावापुरतीच माती भुरभुरावी. पाणी झारीनेही जोरात घालू नये. माती सतत ओलीचिंब राहिल्यास कोवळी रोपे बुडाशी कुजून माना टाकतात.

बागेसाठी मात्र छाटच लावावा. भरपूर व गोड फळ देणारे, आपण स्वतः पाहिलेले झाड निवडावे. त्याची आठ ते बारा महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घेऊन वीतभराचे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली घ्यावा व वरचा तिरपा ठेवावा. चीक सुकू द्यावा. नंतर वाळू, माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात छाट असा रोवावा की एक-दोन डोळेच वर राहतील. थंडी ओसरताना लावलेले छाट सावलीत सांभाळल्यास पावसाळ्यात शेतात नेता येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसू लागते. छाटाचे झाड मूळ झाडाचे हुबेहूब असते. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या पुरंदरच्या अंजिराचा सारखेपणा अशा कलमांमुळेच टिकून आहे. मराठवाड्यातही दौलताबाद अंजिरातून निवडलेली दिनकर ही जात उपलब्ध आहे.

बालाघाटच्या उतारावरील निचऱ्याची मध्यम जमीन आणि कोरडी हवा अंजिरास मानवते; पाणी साचणारी भारी काळी जमीन मानवत नाही. पावसाळ्यातील खट्ट्या बहारापेक्षा उन्हाळ्यात पिकणारा मीठा बहार सरस. पण तोच पाणी मागतो. सबब ज्याची विहीर माघातच तळ दाखविते, त्याने बाग न धरता परसातील दोन झाडांवर समाधान मानावे.

ज्यांच्याकडे बियांची रोपे आधीच वाढलेली आहेत, त्यांनी ती लगेच उपटून टाकू नयेत. खोड बोटाएवढे जाड झाल्यावर जाणत्या माळ्याकडून त्यावर खात्रीच्या झाडाचा डोळा भरून घ्यावा, व डोळ्याखाली येणारी फूट वेळोवेळी खुडीत जावी.