घरचा तरणतलाव : पंप, फिल्टर आणि जयणा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी जमिनीवर उभा करावयाचा, लोखंडी सांगाड्याचा तयार तरणतलाव घ्यावा, असा विचार आता आपल्या काही घरांतून होऊ लागला आहे. अनर्थदंडविरमण व्रत ज्यांनी काटेकोरपणे स्वीकारले आहे, त्यांच्या दृष्टीने केवळ करमणुकीसाठी हजारो लिटर पाणी साठविणे हेच त्याज्य होय. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु जे कुटुंब तलाव घेणारच आहे, त्याच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. भरलेले पाणी चार-सहा दिवसांत हिरवे पडून गटारात जाणार, की तेच पाणी सुट्टीभर स्वच्छ राहणार? हे मुख्यतः पंप व फिल्टर यांवर ठरते, आणि खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार त्यांचाच होतो.

प्रथम माप. गोल तलावाच्या व्यासाचा फुटांत वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने आणि मग २२ ने गुणावे. लिटरचा अंदाज मिळतो. बारा फूट व्यास आणि अडीच फूट पाणी म्हणजे सुमारे आठ हजार लिटर, अर्थात आठ टन वजन. (असा तलाव गच्चीवर मांडण्याचा मोह होतो. चौरस मीटरला साडेसातशे किलोंहून अधिक भार पडतो. सामान्य गच्चीसाठी सुमारे दीडशे किलोच गृहीत धरलेले असतात. अभियंत्यास विचारल्याविना तो विचार करूच नये.)

हे सारे पाणी आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात ताशी एक हजार लिटर. पण पंपावर छापलेला आकडा मोकळ्या प्रवाहाचा असतो. नळी, वळणे आणि मळलेला फिल्टर यांतून पाणी ढकलताना तो बराच घटतो. म्हणून छापील आकडा ताशी दोन हजार लिटरच्या आसपास असावा. आणखी एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. गाळलेले पाणी तलावातल्या पाण्यातच मिसळत राहते. त्यामुळे एका फेऱ्याइतका वेळ पंप चालवूनही प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेले असते. दोन फेऱ्यांनंतर ८६ आणि तिसऱ्यानंतर ९५ टक्के. मुलांची गर्दी झाली त्या दिवशी पंप अधिक वेळ चालवावा लागतो, तो याचसाठी.

‘मोठा घ्या, निर्धास्त राहा’ हा सल्ला मात्र येथे लागू पडत नाही. पंपाचा प्रवाह फिल्टरच्या मर्यादेहून अधिक झाला, तर मळ गाळला न जाता दाबाने पलीकडे ढकलला जातो, आणि विजेचे बिल वाढते ते वेगळेच. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण अर्धा युनिट खाते. रोजचे आठ तास धरून हिशोब मांडावा. घरातला जुना मोनोब्लॉक जोडून पैसे वाचविण्याची कल्पनाही फसवी आहे. त्याला केस व पाने अडविणारी जाळीची टोपली नसते, आणि बिडाचे अंग क्लोरीनच्या पाण्यात गंजते.

फिल्टरांत प्रामुख्याने निवड करावयाची ती वाळूचा की कार्ट्रिजचा एवढीच. वाळूचा फिल्टर २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा कण अडवितो, वर्षानुवर्षे टिकतो. पण त्यास उलट प्रवाहाने धुवावे लागते. ताशी चार हजार लिटरचा पंप तीन मिनिटे उलटा फिरविला की दोनशे लिटर पाणी गेले. शिवाय वाळू उचलली जाण्याइतका जोर हवा, म्हणून पंपही मोठा लागतो. कार्ट्रिज १० ते २० मायक्रॉनपर्यंत गाळतो आणि बादलीभर-दोन बादल्या पाण्यात धुता येतो. दहा हजार लिटरपर्यंतच्या घरगुती तलावास माझ्या मते कार्ट्रिजच योग्य. शेतघरी मोठा तलाव असेल, भोवती धूळ व झाडे असतील, तर वाळू बरी. धुण्याचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून झाडांना द्यावे. कार्ट्रिजचे दोन शत्रू आपल्याकडे हमखास भेटतात : बोअरच्या जड पाण्याचे क्षार आणि मुलांच्या डोक्याचे तेल. न्हाऊन मगच पाण्यात उतरण्याचा नियम केला, तर कार्ट्रिजचे आयुष्य पुष्कळ वाढते. ब्लीचिंग पावडरीतल्या चुन्यानेही तो लवकर चोंदतो.

आता जयणेचा भाग. हा फिल्टर म्हणजे आपली गाळणी नव्हे. पाणी गाळल्यावर गळण्यातली जिवाणी मूळ जलाशयात परत सोडली जाते. येथे जे अडकते ते परत जात नाही. म्हणून तलाव भरतानाच नळीच्या तोंडाशी दुहेरी जाड कापड बांधावे, आणि पाणी विहिरीचे असल्यास जिवाणी त्याच विहिरीत सोडावी. रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी हाताच्या जाळीने पृष्ठभागावरील मुंग्या, भुंगे अलगद काढून कोरड्या जागी ठेवावेत. पंप एकदा सुरू झाला की ते टोपलीत ओढले जातात. सूर्यास्तानंतर आच्छादन घालावे. रात्री दिवे लावून पोहणे तर टाळावेच, कारण उजेडाला आलेले कीटक पाण्यातच पडतात. क्लोरीनने सूक्ष्म जीव मरतात हे खरे. गृहस्थाला तो दोष पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु फिल्टर चांगला असेल तर क्लोरीन कमी लागतो.

मुलांच्या जिवाशी संबंधित गोष्टींत काटकसर नको. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व खात्रीचे अर्थिंग असावे, आणि पाण्यातून हात पोहोचणार नाही इतका पंप दूर असावा. पाणी ओढणाऱ्या तोंडावरची जाळी तुटली, तर त्या दिवशी पोहणे बंद. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबातल्या अशाच ओढीने तळाशी खिळून दगावली. २००७ साली तेथे तिच्या नावाने सुरक्षेचा कायदा करण्यात आला.

आषाढ शुद्ध चतुर्दशीस चातुर्मास बसतो. त्यापूर्वीच तलाव उतरवावा. आठवडाभर आधी क्लोरीन थांबवावा, पण पाणी हिरवे होऊ लागण्याच्या आत ते झाडांना घालावे. पंपातले पाणी पूर्ण काढावे, कार्ट्रिज सावलीत वाळवावा आणि झाकणाचे रबरी कडे पुसून वेगळे ठेवावे. पुढच्या चैत्रात गळती बहुधा तेथूनच सुरू होते.