डाळिंबाचा दाणा आणि आतड्याचे अस्तर

वनस्पतिजन्य अन्नातील रसायने मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून संरक्षण देतात काय, या प्रश्नाचा विचार दीर्घकाळ त्या रसायनांच्या गुणधर्मांपुरताच मर्यादित राहिला. आतड्यात पोहोचेपर्यंत त्यांचे स्वरूप किती पालटते, याकडे लक्ष गेले ते बरेच नंतर. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बेंगळुरूचाही वाटा आहे. तेथील कृषी विद्यापीठाच्या जी. के. व्ही. के. परिसरात असलेल्या ‘इनस्टेम’ या संस्थेतील प्रवीणकुमार वेमुला आणि अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठातील वेंकटकृष्ण राव जाला यांच्या गटांनी केलेले संशोधन २०१९च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता युरोलिथिन-ए, म्हणजे डाळिंबासारख्या फळांतील द्रव्यांपासून आतड्यातील जिवाणू तयार करतात ते संयुग.

मोठ्या आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि शेजारशेजारच्या पेशींना ‘टाइट जंक्शन’ नावाची प्रथिने घट्ट सांधून ठेवतात. हे सांधे सैल पडले, तर जिवाणूंचे अंश ऊतींत झिरपतात आणि दाह सुरू होतो. तो वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर कर्करोगाचा धोका वाढतो, हे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत स्पष्ट दिसून आले आहे. युरोलिथिन-ए आणि त्याच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेले एक संयुग यांमुळे सांध्यांची प्रथिने वाढतात आणि कोलायटिस झालेल्या उंदरांतील दाह कमी होतो, असे या संशोधकांना आढळले. हा पुरावा उंदरांतील दाहाचा आहे, माणसाच्या कर्करोगाचा नव्हे. तथापि संरक्षणाची एक संभाव्य वाट त्यातून दिसते.

भौगोलिक मानांकन लाभलेले सोलापूरचे डाळिंब असो वा विजयपूर-बागलकोटकडून येणारे, त्यातील प्युनिकॅलाजिन हा मोठा रेणू जसाच्या तसा रक्तात फारसा शोषला जात नाही. तो दाण्यांपेक्षा सालीत आणि दाण्यांमधल्या पिवळसर पापुद्र्यांत अधिक असतो. पचनमार्गात त्यापासून इलॅजिक आम्ल सुटे होते आणि मोठ्या आतड्यातील विशिष्ट जिवाणू त्याचे एक वलय उघडून, हायड्रॉक्सिल गट एकेक करून काढून टाकत युरोलिथिन बनवतात. मात्र हे जिवाणू सर्वांच्या आतड्यात नसतात. स्पेनमधील मुर्सिया येथील संशोधकांनी या दृष्टीने माणसांचे तीन प्रकार मानले असून त्यांतील एका प्रकारच्या लोकांत युरोलिथिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यामुळे एकाच ताटातले डाळिंब खाणाऱ्या दोघांना त्याचा सारखाच लाभ होईल, असे सांगता येत नाही.

चोथ्याची, म्हणजे न पचणाऱ्या तंतुमय भागाची गोष्टही अशीच आहे. आफ्रिकेतील खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग विरळा असण्याचा संबंध डेनिस बर्किट यांनी १९७१मध्ये तेथील चोथायुक्त आहाराशी जोडला. जिवाणू चोथा आंबवून ब्यूटिरेट हे मेदाम्ल बनवतात. ते निरोगी अस्तरपेशींचे मुख्य इंधन असते, तर प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ ते रोखते. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रामीण दक्षिण आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी गटांनी दोन आठवडे एकमेकांसारखा आहार घेतला, तेव्हा भरपूर चोथा मिळालेल्या अमेरिकी गटात ब्यूटिरेटची निर्मिती वाढली आणि अस्तरातील दाहाच्या खुणा घटल्या. बेंगळुरूच्या ताटातील ‘मुद्दे’, म्हणजे पिठाचे शिजवलेले गोळे, ज्या रागीचे, म्हणजे नाचणीचे असतात, तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, तर पॉलिश केलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमही भरत नाही. नाचणीतील फेरुलिक आम्लासारखी पॉलिफेनॉल द्रव्ये मुख्यतः दाण्याच्या टरफलात असल्याने पीठ बारीक चाळून कोंडा टाकून दिला, की त्यांचा मोठा भाग हातचा जातो.

अन्नातून वेगळे काढून गोळीत भरलेल्या द्रव्यांचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. आतड्यात असंख्य पॉलिप, म्हणजे मांसल गाठी, निर्माण करणाऱ्या एका आनुवंशिक विकारात हळदीतील कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन एकत्र दिल्यावर २००६मध्ये अवघ्या पाच रुग्णांत गाठी घटल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे २०१८मध्ये ४४ रुग्णांवरील नियंत्रित चाचणीत वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही गाठींची संख्या वा आकार यांत फरक पडला नाही. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, हे १९९४मध्येच उघड झाले होते.

म्हणूनच आज ज्याला भक्कम आधार आहे, तो सल्ला एखाद्या द्रव्याचा नसून संपूर्ण आहाराचा आहे. अनेक अभ्यासांच्या २०११मधील एकत्रित विश्लेषणात दररोजच्या चोथ्यात १० ग्रॅमची वाढ झाल्यास या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसतो, असे आढळले. जागतिक कर्करोग संशोधन निधीनेही २०१८च्या अहवालात अख्खी धान्ये आणि चोथा यांचा संरक्षक परिणाम ‘संभाव्य’ या श्रेणीत मान्य केला. भाकरी, उसळ, पालेभाजी आणि फळे असा विविध आहार घेतल्याने जिवाणूंना विविध कच्चा माल मिळतो. परंतु धोका कमी होणे म्हणजे तो नाहीसा होणे नव्हे. पॉलिपचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा किंवा अधिक वर्षे लागतात आणि त्या अवधीत कोलोनोस्कोपीने ते शोधून काढून टाकता येते. म्हणून शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल किंवा विनाकारण वजन घटणे यांवर डाळिंब वा हळदीची मात्रा शोधत न बसता डॉक्टरांकडे जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.