घरच्या चुलीवरची नानकटाई



चहाबरोबर खावयाच्या भाजीव पदार्थांविषयी बोलावयाचे, तर इकडील घरोघरी प्रथम नानकटाईचेच नाव निघेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत 'टी केक' म्हणून एक साधा गोड प्रकार पिढ्यान् पिढ्या घरी भाजला जातो. मैदा, साखर, लोणी, अंडे आणि थोडे जायफळ एवढीच त्याची सामग्री. तेथील निग्रो गुलामांच्या स्त्रियांनी तो आपल्या चुलीवर जतन केला. आपली नानकटाई ही त्याची दूरची बहीण मानावयास हरकत नाही. मात्र आपल्या बहिणीने अंडे वर्ज्य केले, आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे.

सुरतेकडे एक हकीगत सांगतात. तेथील डच लोकांच्या भट्टीचा कारभार फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थांकडे आला. परदेशी गिऱ्हाईक कमी झाले. ताडीने फुगविलेला पाव व अंड्याचा पदार्थ हिंदू घरांत शिरेना. तेव्हा त्या भट्टीतून तूप, साखर व पीठ यांचीच नानकटाई निघू लागली. हकीगतीचा शब्द न् शब्द खरा असो वा नसो, तिच्या मागील अडचण अगदी खरी होती. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे, हीच जातिबंधन तोडल्याची खूण समजली जाई. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांसारख्यांवरही ग्रामण्य उठले, आणि पुढे दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका बिस्किटाचा केवढा हा दरारा! आज त्या भीतीचे हसू येते. पण कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न त्या काळी पोटाचा नसून समाजाचा होता, हे विसरता येत नाही.

आता जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णीसारख्या गावी ज्या भगिनी हे ऐकत असतील, त्यांच्यासाठी मुद्द्याकडे वळू. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि शेवटच्या निजामाच्या नावाने ओळखले जाणारे उस्मानिया बिस्किट तिकडूनच आलेले. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरचे तूप, साखर, मैदा डब्यात भरून भट्टीवर न्यावयाचे आणि नानकटाई भाजवून आणावयाची, ही चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. मात्र भट्टी जवळ नसली, तरी अडून राहावयाचे कारण नाही.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १४० ग्रॅम व तूप १६० ग्रॅम घ्यावे. पाव चमचा खाण्याचा सोडा, चार वेलदोड्यांची पूड, आवडत असल्यास चिमूटभर जायफळ. एवढ्यात दोन डझनांच्या आसपास नानकटाया होतात. तूप थिजलेले, परंतु मऊ असावे. वितळलेले असेल तर पुढे नानकटाई पसरून चपटी होते. परातीत तूप व साखर तळहाताने फेसावी, ती पांढरी व हलकी होईपर्यंत. हा आळस करू नये. फेसताना जी हवा आत कोंडली जाते, तीच भाजताना फुगून नानकटाईला हलकेपणा आणते. सोडा केवळ मदतनीस होय. तो जास्त पडला तर भाजल्यावर साबणासारखी चव राहते.

मग सोड्यासह चाळलेली पिठे व रवा मिसळावा. पाणी अथवा दूध घालू नये, आणि तिंबून तिंबून मळू नये. शंकरपाळ्यांत मोहन का घालतात, हे आपणास ठाऊकच आहे. तूप पिठाच्या कणांना वेढून बसते, त्यामुळे पाण्याशी मिळून गव्हाच्या पिठाचा जो चिवट ताण तयार होतो, तो होत नाही. बेसनात तर तसा ताण नसतोच. शिवाय भाजताना त्याचा खमंग वास येतो. गोळे करून किंचित दाबावे, वर एक फट द्यावी आणि अर्धा तास गार जागी ठेवावे.

ओव्हन असेल तर १६५ अंशांवर १५ ते २० मिनिटे पुरतात. नसेल तेथे जाड बुडाचे पातेले घ्यावे, त्यात दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू पसरून झाकण लावून मंद आचेवर १० मिनिटे तापवावे. वाळू ओली राहिली तर वाफ धरते. त्यावर कडे ठेवून ताटली ठेवावी. चिमूटभर मैदा तिच्यावर टाकावा, तो लगेच करपला तर आच उतरवावी. गोळे अंतराने ठेवून झाकण लावावे, व वर थोडे निखारे ठेवावेत, म्हणजे वरूनही रंग येतो.

तुपाऐवजी वनस्पती तूप स्वस्त पडते, म्हणून अनेक ठिकाणी तेच वापरतात. ते गोठविताना तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयास अपायकारक ठरली आहेत. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून खाद्य तेल-तुपांत त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. तूप महाग आहे, हे मान्य. परंतु मुलांच्या हातात जावयाचा पदार्थ आहे, तेव्हा थोड्या केल्या तरी चालेल, पण तुपाच्याच कराव्या.

झाकण काढल्यावर त्या मऊ दिसतात, म्हणून पुन्हा भाजावयास घालू नयेत. पूर्ण निवेपर्यंत हात लावू नये. निवल्यावरच त्या घट्ट होतात, आणि मगच डब्यात भराव्यात. दुसरा घाणा टाकताना मात्र आच आधीच कमी करावी, कारण वाळू आता पहिल्यापेक्षा अधिक तापलेली असते.