चायना माल : शिक्का जुना, गुण नवा

"चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक" ही बाजारातली म्हण ऐकली नाही असे घर सोलापुरात सापडणे कठीण. चायना माल म्हटला की ही म्हण ओठावर यायचीच. एखादी वस्तू लवकर बिघडली, की ती कुठे तयार झाली हे न पाहताच तिला 'चायना पीस' म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. पण वस्तूवरचा शिक्का आणि वस्तूचा गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोण कुठे जन्मला यावरून त्याची लायकी ठरवू नये, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. माणसाला लागू असलेला हा न्याय वस्तूलाही लावून पाहावा, म्हणून हा लेख.

हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा नाही. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात, मग तो पगार यंत्रमागावरचा असो की विड्या वळून मिळालेला असो, तीन महिन्यांत बंद पडलेला फोन हे मोठे संकट असते. श्रीमंत माणूस दुसरा फोन घेतो. गरिबाला त्याच वस्तूचे पैसे दोनदा मोजणे परवडत नाही. म्हणून मालाच्या दर्जाची खरी गरज कोणाला असेल, तर ती आपल्यालाच आहे.

कोटणीसांचा चीन आणि बाजारातला चीन

चीनशी सोलापूरचे नाते तसे जुने. १० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा तेथेच अंत झाला. त्यांचे स्मारक आज सोलापुरात उभे आहे. त्या काळी चीन म्हणजे दूरचा, युद्धाने होरपळलेला देश. बाजारातला चीन आपल्याला भेटला तो त्यानंतर साठ वर्षांनी. १ एप्रिल २००१ रोजी भारताने परदेशी वस्तूंच्या आयातीवरील संख्येची उरलीसुरली बंधनेही काढली आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. त्यानंतर बॅटऱ्या, खेळणी, घड्याळे, व्हीसीडी प्लेअर आणि इमर्जन्सी दिवे यांनी आपल्या बाजारपेठा भरून गेल्या.

त्या मालाबद्दलची तक्रार खोटी नव्हती. भारनियमनाचे ते दिवस आठवा. संध्याकाळी वीज जायची आणि मुलांचा अभ्यास इमर्जन्सी दिव्याखाली चालायचा. तो दिवा पाच-सहा महिन्यांत मान टाकायचा. कारण साधे होते. त्यात शिशाची छोटी बंद बॅटरी असे. ती भरल्यावर वीज आपोआप तोडणारी आणि पूर्ण रिकामी होण्याआधी दिवा बंद करणारी सोय स्वस्त दिव्यात नसायची. रात्रभर चार्जिंगला लावला की बॅटरी जास्त भरून खराब होई, आणि पार रिकामी होऊन पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर थर बसून ती मरे. ती दोन-चार रुपयांची सोय गाळून दिवा स्वस्त केलेला असे. चार्जरच्या वायरीत तांबे कमी, बॅटरीवर छापलेला आकडा खोटा, स्पीकरवर लिहिलेले वॅट तर हजारोंत!

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चीनमधला कारखानदार गिऱ्हाईक सांगेल त्या भावात माल बनवून देतो. आपल्याकडचे व्यापारी सर्वांत कमी भावाचा माल मागत, म्हणून तसाच माल येई. त्याच काळात त्याच देशातले दुसरे कारखाने जगातल्या नामांकित कंपन्यांसाठी उत्तम वस्तू बनवत होते. दोष एकट्या बनवणाऱ्याचा नव्हता, मागवणाऱ्याचाही होता.

दोन सिम, मोठा आवाज

मग आले चायना मोबाइल. २००६ ते २००९ च्या सुमारास सोलापूरच्या नवी पेठेत आणि गावोगावच्या आठवडी बाजारात ते मिळू लागले. कंपनीचे नाव अनोळखी, बिल नाही, वॉरंटी नाही. अनेक फोनांना आयएमईआय हा पंधरा आकडी ओळख क्रमांकच नव्हता. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न तीव्र झाला आणि ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून असा क्रमांक नसलेल्या फोनांचे कॉल बंद करण्यात आले. काबाडकष्टाने घेतलेले फोन एका रात्रीत खेळणी झाले.

तरीही त्या फोनांचा एक गुण मान्य करावाच लागेल. त्यांनी गरीब गिऱ्हाइकाची गरज ओळखली. दोन कंपन्यांची कार्डे एकाच फोनमध्ये, लांब चालणारी बॅटरी, वीज गेल्यावर उपयोगी पडणारा टॉर्च आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढा आवाज. मोठ्या परदेशी कंपन्यांनी दोन सिमचे फोन आपल्याकडे आणले ते नंतर.

आपल्या घरांत या मोठ्या आवाजाला वेगळेच मोल होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी एके काळी कॅसेटवर ऐकली जात. कॅसेट झिजे, फीत अडके, टेपरेकॉर्डर सर्वांकडे नसे. मेमरी कार्डाने शेकडो बुद्ध-भीमगीते नखाएवढ्या चकतीत आणली आणि स्वस्त फोनने ती झोपडीपर्यंत पोहोचवली. आज १४ एप्रिलला लहान मुलांच्या हातातला ब्लूटूथ स्पीकरही बहुधा तिकडचाच असतो, आणि तो दोन-तीन जयंत्या टिकतोही. हा बदल कसा झाला?

घणाचे घाव

गुणवत्ता आकाशातून पडत नाही, ती शिकावी लागते. चीनच्या चिंगदाओ शहरातील एका फ्रीज कारखान्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८५ साली एका गिऱ्हाइकाने सदोष फ्रीजची तक्रार केली. व्यवस्थापक चांग रुईमिन यांनी गोदाम तपासले, तेव्हा ७६ फ्रीज सदोष निघाले. एका फ्रीजची किंमत तेव्हा कामगाराच्या सुमारे दोन वर्षांच्या पगाराएवढी होती. कमी भावात विकून टाका, असा सल्ला मिळाला. चांग यांनी घण मागवले आणि ज्या कामगारांनी ते बनवले त्यांच्याच हातून सर्व फ्रीज फोडायला लावले. हाच कारखाना पुढे हायर या नावाने जगभर गेला. २००७ साली याच कंपनीने आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे कारखाना घेतला.

असा प्रवास इतरांनीही केला आहे. १९३० च्या दशकात 'जपानी माल' हा शब्द हलक्या मालासाठी वापरला जाई. जपानी कापडाच्या स्वस्ताईने आपल्या गिरण्या इतक्या हैराण झाल्या, की १९३३ साली त्यावर ७५ टक्के जकात बसवावी लागली. गिरणगाव असलेल्या सोलापूरला ती झळ नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने दर्जाचे शास्त्र शिकून घेतले. अमेरिकेचे डेमिंग यांनी १९५० साली तेथे व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षीपासून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. पुढे 'जपानी' म्हणजे खात्रीचे, असा अर्थ झाला. कोरियात १९९५ साली सॅमसंगने सुमारे दीड लाख सदोष उपकरणे कामगारांसमोर जाळली. शिक्का तोच राहिला, पण त्याचा अर्थ कष्टाने बदलला.

चीनमध्ये १९८० साली शेनझेन हे विशेष आर्थिक क्षेत्र झाले. जगातल्या मोठ्या कंपन्यांचे काम तिथल्या कारखान्यांत होऊ लागले. कामगार आणि अभियंते परक्या कंपन्यांचे कडक नियम पाळता पाळता शिकले. स्क्रू, काच, बॅटरी, कॅमेरा असा प्रत्येक सुटा भाग एकाच परिसरात मिळू लागला. एकेक नमुना लाखोंच्या संख्येने निघू लागल्यावर चांगला भाग घालूनही भाव खाली राहिला. स्वस्त आणि चांगले एकत्र येण्याचे रहस्य हेच.

आपल्याकडे त्याचा प्रत्यय २०१४ साली आला. त्या वर्षी जुलैमध्ये शाओमी भारतात आली आणि सप्टेंबरमध्ये तिचा रेडमी १एस हा फोन ५,९९९ रुपयांना विकला गेला. नामांकित कंपन्यांच्या दुप्पट किमतीच्या फोनांशी त्याची तुलना होऊ लागली. २०१७ च्या अखेरीस ही कंपनी भारतातील फोनविक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. विवो, ओप्पो, रिअलमी यांनी तोच मार्ग धरला.

फोन म्हणजे शाळा

या बदलाचे मोल सोलापूर जिल्ह्याला नीट कळले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन कोडावर धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक पुरस्कार मिळाला. परंतु पुस्तकातला कोड वाचायला घरात कॅमेरा चालणारा फोन लागतो.

त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. घरात फोन एक, मुले दोन-तीन, आणि वडील कामावर जाताना तोच फोन खिशात. त्या दिवसांत पाच-सहा हजारांचा टिकाऊ फोन हेच कित्येक मुलींचे शाळेचे दार होते. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांचे वर्ष कसे गेले ते त्या मातांना विचारावे. स्वस्त वस्तूचा दर्जा हा शिक्षणाचा प्रश्न होतो तो असा.

डोळे उघडे ठेवा

मात्र पूर्वी सगळे वाईट होते म्हणून आता सगळे चांगले, असे समजणे ही दुसरी अंधश्रद्धा होईल. आजही रस्त्यावर बिननावाचे चार्जर आणि खोटे आकडे छापलेल्या पॉवर बँका मिळतातच. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. पानिपतला विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते आणि आपल्या विणकराच्या पोटावर पाय येतो. म्हणूनच सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन घ्यावे लागले. नावाला पुरावा हवा, तो असा. तेव्हा खरेदीला जाताना माता-भगिनींनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

• फोन, चार्जर, पॉवर बँक यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. २०१२ च्या आदेशाने सुरू झालेली ही सक्ती पुढे या वस्तूंनाही लागू झाली. क्रमांक खरा की खोटा, हे ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर कळते.

• फोनवर *#०६# दाबा. दिसणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या व बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. फोन हरवल्यास 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर याच क्रमांकावरून तो बंद करता येतो.

• पक्के बिल घ्या. बिल नको म्हणून वाचलेले पैसे बिघाडाच्या दिवशी दुपटीने जातात. हप्त्याने घेताना एकूण रक्कम किती होते, ते आधी कागदावर मांडा.

• ज्या कंपनीचे सेवा केंद्र सोलापुरात आहे आणि जिचे सुटे भाग मिळतात, तिला पसंती द्या.

• फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फुगली तर वापर त्याच दिवशी थांबवा.

• दाद मिळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

घेणारे हात, घडवणारे हात

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. चिनी मालावर बहिष्काराची हाक उठली, ५९ अॅप्सवर बंदी आली, रंगीत टीव्हीच्या आयातीवर निर्बंध आले. तो संताप रास्त होता. पण संतापाने कारखाना उभा राहत नाही. भारतात विकले जाणारे बहुतेक फोन आता येथेच जोडले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांतले बरेच महत्त्वाचे भाग बाहेरूनच येतात. २००८ साली फोनच्या धंद्यात उतरलेली मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी काही वर्षे आघाडीवर होती. ती चीनमधून तयार फोन आणून विकत असे. चिनी कंपन्या स्वतःच येथे आल्या, तेव्हा तिचा टिकाव लागला नाही. दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूवर आपले नाव लावणे सोपे असते. घडवण्याची विद्या आपली असेल तरच धंदा टिकतो.

ही विद्या आपल्या मुलामुलींच्या आवाक्यात आहे. आयटीआयमध्ये दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालये सोलापुरात आहेत. नवी पेठेत भिंगातून पाहत केसाएवढ्या तारेला डाग देणारी पोरे आम्ही पाहतो, तेव्हा त्यांच्या हातातल्या कसबाचे कौतुक वाटते. त्या कसबाला शिक्षणाची आणि भांडवलाची जोड मिळाली, तर आज दुरुस्त करणारा हात उद्या घडवेलही. बचत गटांनी सणाच्या खरेदीसाठी कर्ज देताना असे एखादे दुरुस्तीचे दुकानही डोळ्यांपुढे ठेवावे. मुलींनाही या टेबलाशी बसवावे. विड्या वळणाऱ्या आईच्या बोटांतली सफाई लेकीकडे आलेली असतेच. तिच्या हातात आता डाग देण्याची कावी यायला हवी.