गवताची पत्ती आणि प्लास्टिकची पत्ती

घाटकोपरच्या एका शाळेत ध्वनीविषयी बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. हार्मोनियम उघडून आतले पितळी सूर मुलांना दाखवले. तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “पेटीचे सूर वर्षानुवर्षे टिकतात. मग माझ्या बाबांना क्लॅरिनेटची पत्ती सारखी का बदलावी लागते? तीही पितळेची का करत नाहीत?” त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराईत पत्त्यांवर किती पैसे जातात, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. तासाच्या घाईत आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे नीट मांडत आहोत.

पेटीचा सूर आणि क्लॅरिनेटची पत्ती

पेटीतला प्रत्येक सूर एकच स्वर देतो. पितळी पट्टीची लांबी आणि जाडी तो स्वर ठरवते. क्लॅरिनेटमध्ये मात्र एकाच पत्तीवर सगळे स्वर निघतात. तेथे स्वर ठरवते ती नळीतली हवा. बोटांनी भोके उघडली की कंप पावणारा हवेचा स्तंभ आखूड होतो आणि स्वर चढतो. पत्तीचे काम झडपेचे असते. हवेच्या दाबाबरोबर ती सेकंदाला शेकडो वेळा उघडते व मिटते.

हे वर्गात करून पाहता येते. शीतपेयाची नळी घ्या. प्लास्टिकच्या नळ्यांवर आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, म्हणून कागदी घेऊ या. एक टोक दाबून चपटे करा, दोन्ही कोपरे तिरपे कापा, ते टोक ओठांत हलके धरून फुंका. थोड्या खटपटीनंतर पिपाणी वाजू लागते. आता कोणाला तरी कात्रीने दुसरे टोक थोडे थोडे कापायला सांगा. पत्ती तीच असूनही स्वर चढत जाईल.

झडपेने हवेचे ऐकायचे, तर ती हलकी हवी. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड आहे, शिवाय एकदा छेडले की स्वतःच्याच स्वरात घुमत राहते. दुसऱ्याच्या तालावर चालण्याच्या कामाला ते निरुपयोगी. मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे झाले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तरही याच नळीत आहे. काही मिनिटे वाजवली की लाळेने कागद भिजतो, टोक लिबलिबीत होते आणि आवाज बंद पडतो.

गवताचे गुण

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची पत्ती अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच, पोकळ गवतापासून करतात. दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातले हे गवत त्यासाठी प्रसिद्ध आहे. सनईची पत्तीही गवताचीच. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे जन्मगाव, बिहारमधील डुमराव, हे तिकडच्या नरकट गवतासाठी ओळखले जाते.

गवतात असे काय आहे? बांबूची कांब उभी सहज चिरते, आडवी तोडताना मात्र घाम फुटतो. कारण तिच्यातले तंतू उभे असतात. पत्तीतही तसेच. लांबीच्या दिशेने ती ताठ आणि रुंदीच्या दिशेने कितीतरी लवचीक असते. तंतूंच्या भोवती पोकळ पेशी असल्यामुळे ती हलकीही असते.

पण गवत ते गवत. वादक ती आधी तोंडात धरून भिजवतो. वाजवून झाल्यावर ती वाळते. अशी भिजण्या-वाळण्याची चक्रे झाली की टोकाला लाटा पडतात, ताठपणा जातो. चातुर्मासात लग्ने थांबतात आणि मुंबईच्या दमट हवेत डबीतल्या पत्तीवर बुरशी चढते. शिवाय कोणत्याही दोन पत्त्या सारख्या नसतात. खोक्यातल्या दहांपैकी काही गोड वाजतात, काही मुळीच नाही. गाजराची पुंगी निदान मोडून खाता तरी येते!

साधे प्लास्टिक का फसले?

प्लास्टिकच्या पत्त्या १९४० च्या दशकापासून बाजारात आहेत. त्या टिकत, पण त्यांचा आवाज बहुतेक वादकांना पटला नाही. कारण एका छोट्या गणितात सापडते.

पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध पदार्थाच्या ताठपणावर आणि जाडीच्या घनावर अवलंबून असतो. समजा, प्लास्टिक गवतापेक्षा चौपट कमी ताठ आहे. तेवढाच विरोध मिळवायला जाडी ४ च्या घनमुळाइतकी, म्हणजे सुमारे १.६ पट करावी लागेल. दोघांची घनता सारखी धरली तर वजनही १.६ पट झाले. पट्टीची स्वाभाविक कंपनसंख्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ती सुमारे २० टक्क्यांनी उतरेल. पत्ती आळशी झाली! त्यातून साधे प्लास्टिक सर्व दिशांना सारखेच ताठ. गवताचा उभा-आडवा भेद त्यात नाही.

ताणलेले प्लास्टिक

आता पार्सल बांधायची प्लास्टिकची सुतळी आणा. नखाने उभी फाडली तर तिचे धागे धागे होतात. आडवी तोडायला मात्र कात्री लागते. अगदी बांबूसारखे! ही सुतळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. हा पदार्थ लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा बनलेला आहे. एरवी त्या साखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतात. पट्टी जोराने ताणली की त्या ताणाच्या दिशेने ओळीत येतात. त्या दिशेने पदार्थ कितीतरी पट ताठ होतो, आडव्या दिशेने नाही.

हाच गुण कॅनडातील क्लॅरिनेटवादक गाय लेजेर आणि टोरांटो विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक मार्क कॉर्टशॉट यांनी हेरला. ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची त्यांची पत्ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. त्यांनी नक्कल केली ती कोरड्या गवताची नव्हे, तर भिजलेल्या गवताची, कारण वाजते ती भिजलेलीच. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून ही पत्ती खोक्यातून काढल्याबरोबर वाजते आणि पावसाळ्यातही वाकडी होत नाही.

तिच्यातही उणिवा आहेत. सतत वाजवल्यास ती किंचित मऊ पडते, म्हणून दोन-तीन पत्त्या आलटून पालटून वापरतात. काही वादकांना अजूनही गवताचाच आवाज आवडतो. आणि एका पत्तीच्या किमतीत गवताच्या पत्त्यांचे जवळजवळ अख्खे खोके येते. ती अनेक महिने टिकली तर हिशेब जमतो. पण हंगामाच्या सुरुवातीला एवढी रक्कम एकदम काढणे बँडवाल्याला सोपे नसते.

सनईचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिची पत्ती दुहेरी असते, वाद्यागणिक मापे बदलतात आणि वादक ती स्वतःच्या ओठांच्या अंदाजाने तासून घेतो. दुहेरी पत्ती प्लास्टिकची होऊ शकते. पाश्चात्त्य ओबोसाठी ती मिळते. पण कारखान्याला हजारोंनी एका मापाच्या पत्त्या खपवायच्या असतात. आणि आपल्या उपनगरांतल्या कितीतरी मंगल कार्यालयांत आता सनई वाजते ती ध्वनिफितीतून. गिऱ्हाईकच कमी, तर साचा कोण करणार?

त्या मुलाला आम्ही सुतळीचा प्रयोग कळवला आहे. तुमच्या वर्गातही असे एखादे घर असेल. सनईवाला, क्लॅरिनेटवाला पालक मिळाला तर त्यांना शाळेत बोलवा आणि पत्ती कशी निवडतात, कशी तासतात, हे मुलांसमोर करून दाखवायला सांगा. ताठपणा मोजायची यंत्रे प्रयोगशाळेत असतात, पण पत्ती चांगली की वाईट याचा निवाडा अखेर त्यांच्या ओठांवर आणि कानांवर होतो.