माणूस बरा होईपर्यंत मुदत थांबत नाही

रस्ता अपघात झालेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी माणूस उभा राहू दे, कोर्टाचं मग बघू." त्यामागे माया असते. पण मोटार वाहन कायद्यातली नुकसानभरपाईच्या दाव्याची सहा महिन्यांची मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजतात, डिस्चार्जच्या दिवसापासून नाही. मांडीत रॉड घातलेल्या माणसाला काठी सोडायलाच कधी कधी एवढा काळ लागतो.

"अपघाताच्या क्लेमला मुदतच नसते," असं सांगणारेही भेटतात. ते खोटं बोलत नाहीत, जुनं सांगतात. १९८८ च्या कायद्यात सहा महिन्यांची अट होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून ती गेली आणि पुढची सत्तावीस वर्षं दावा केव्हाही टाकता येत होता. २०१९ च्या दुरुस्तीने अट परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. १९९४ पूर्वी निदान अपघातापासून बारा महिन्यांच्या आत आलेला दावा उशीर माफ करून घेता येत होता, नव्या कलमात तेवढीही सवलत लिहिलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्यांवर हा अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेश पुढे बदलू शकतो. त्याच्या भरवशावर कागद घरात ठेवू नका.

"पोलिस केस झालीय, म्हणजे दावाही झाला," हा समज सगळ्यात महागात पडतो. एफआयआर म्हणजे भरपाईचा दावा नव्हे. मात्र पोलिसांनी नव्वद दिवसांत सविस्तर अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरावा, असं कायदा सांगतो. तेव्हा पोलिस ठाण्यात जाऊन एवढंच विचारा: अहवाल गेला का, कोणत्या तारखेला? गेला नसेल तर स्वतः अर्ज करा. ड्रायव्हरवरच्या फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. अपघात परजिल्ह्यात झाला असला तरी राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

सगळ्या इजांना सहाच महिने, असंही नाही. रेल्वे अपघातासाठी एक वर्ष, कामावर झालेल्या इजेसाठी दोन वर्षं. डॉक्टरांच्या हलगर्जीपणाबद्दल ग्राहक आयोगात जायलाही दोन वर्षं मिळतात, आणि इथे लोक म्हणतात, "चूक कळली त्या दिवसापासून मोजायची." नेहमीच तसं होत नाही. गोव्यातल्या एका नर्सबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन १९९३ मध्ये झालं. पोटात राहिलेला गॉज २००२ मध्ये सापडला, तक्रार २००४ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. पोट इतकी वर्षं दुखत होतं, त्या स्वतः या क्षेत्रातल्या, तरी त्यांनी सर्जनला विचारलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. ऑपरेशननंतर दुखणं राहिलं तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि तक्रार तारखेसह केसपेपरवर लिहून घ्या.