गाडीची किंमत आणि कंपनीचे कान

मोटारसायकल कंपन्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकतात का, असे विचारले की माझ्या वयाची माणसे आधी हसतात. त्यांना नंबर लावण्याचे दिवस आठवतात. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या ‘चेतक’ स्कूटरसाठी तेव्हा दहा-दहा वर्षे थांबावे लागे आणि नंबर लागलेला माणूस कधीकधी तीच गाडी ‘ऑन’ घेऊन दुसऱ्याला विकून टाकी. गाडी मिळाली हेच उपकार. तक्रार कोण करणार?

पुढे स्पर्धा आली, रांगा संपल्या. आता शोरूमवाला बसायला खुर्ची देतो, चहा पाजतो. ॲव्हरेज कमी पडते, सीट टोचते, असल्या तक्रारी कंपन्या ऐकतात, कारण त्यांनी नाही ऐकल्या तर शेजारची कंपनी ऐकते. पण किमतीची आणि डीलरची तक्रार मात्र वाटेतच हरवते.

जाहिरातीत असते ती ‘एक्स-शोरूम’ किंमत. त्यावर रस्ता कर आणि नोंदणी येते, विमा येतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो, त्यामुळे तो आकडा फुगलेला दिसतो. इथपर्यंत ठीक. माझ्या भाच्याने गाडी घेतली तेव्हा या सगळ्याच्या खाली आणखी तीन ओळी होत्या : हँडलिंग, ॲक्सेसरीज किट, हेल्मेट. ‘‘मामू, हे हँडलिंग म्हणजे काय?’’ त्याने मला विचारले. शब्दांशी माझे रोजचे देणेघेणे आहे, पण या शब्दाचा अर्थ मलाही सांगता येईना आणि काउंटरवरच्या मुलालाही. हेल्मेटचे म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८व्या नियमाप्रमाणे दुचाकी विकताना उत्पादकानेच ते पुरवायचे असते.

डीलर म्हणाला, हे वरूनच ठरलेले आहे. कंपनीला फोन केला तर उत्तर आले, डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्याशीच बोला.

हे उत्तर कायद्याच्या भाषेत अगदी खोटे नाही. कंपनी गाडी डीलरला विकते आणि डीलर आपल्याला. दर महिन्याला कंपन्या विक्रीचे जे आकडे जाहीर करतात, ते बहुधा डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. म्हणजे कंपनीचे पहिले गिऱ्हाईक डीलर, आपण नंतरचे. त्या डीलरने बँकेचे कर्ज काढून माल भरलेला असतो, व्याज चालू असते आणि गाडीमागे सुटणारा नफा थोडा असतो. मग तो विम्याचे कमिशन, कर्जाचे कमिशन, किट यांतून भरपाई काढतो. त्याची अडचण मला समजते, पण ती माझ्या भाच्याच्या खिशातून का भागवायची, हे समजत नाही.

शिवाय ‘डीलर आमच्या हातात नाही’ हे अर्धेच सत्य आहे. मोटारींच्या बाजारातले उदाहरण पाहा. डीलरांना ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देऊ देत नाही, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपये दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले, तो भाग वेगळा. पण सूट दिली म्हणून डीलरचा कान धरता येतो असे आयोगाला दिसले असेल, तर जादा पैसे घेतले म्हणून का धरता येऊ नये?

किंमत खाली येऊच शकत नाही, असेही नाही. बीएस-३ गाड्या १ एप्रिल २०१७ पासून विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत दुचाकींवर वीस-बावीस हजारांपर्यंत सूट निघाली. विजेच्या स्कूटरच्या काही कंपन्या चार्जरचे पैसे वेगळे लावत होत्या. अनुदानाच्या अटींवरून सरकारने चौकशी लावली, तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी ते परत करायचे कबूल केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि कंपन्यांनी नवे दर लगेच जाहीर केले. प्रत्येक वेळी कंपनीच्या पाठीशी कुणीतरी दांडगा उभा होता.

साध्या गिऱ्हाइकांची संख्याही तसा दांडगेपणा करू शकते. ओला इलेक्ट्रिकबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात दहा हजारांहून अधिक तक्रारी जमल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. शोरूमच्या दारात आरडाओरडा करणाऱ्यांची मोजदाद कुठेच होत नाही, फोन करून नोंद करणाऱ्यांची होते. त्या हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

गाडी ठरवताना प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेले कोटेशन शिक्क्यासह मागावे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. तक्रार डीलरला आणि कंपनीला एकाच पत्राने, तारीख घालून करावी, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही. एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. पावत्या तोवर जपून ठेवाव्यात.